महाविद्यालयीन अध्यापनातील समता आणि समावेशन: प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील आणि गोव्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक, विभागप्रमुख, आयक्यूएसीचे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक आणि प्राचार्य यांच्यासाठी लिहिली आहेत. कार्यशाळांमध्ये, विभागाच्या बैठकींत आणि पुष्कळदा बैठक संपल्यावर व्हरांड्यात जे प्रश्न विचारले जातात, तेच येथे घेतले आहेत.

या प्रशिक्षणात नेमके काय शिकवले जाते?

आपल्याकडे ‘संवेदनशीलता कार्यशाळा’ म्हटले की दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, पाहुण्यांचे भाषण, आभार आणि चहा असा क्रम डोळ्यांसमोर येतो. अशा कार्यक्रमांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेल्यावर प्राध्यापकाने काय वेगळे करावे, हे त्यातून क्वचितच कळते. येथे अभिप्रेत असलेले प्रशिक्षण अध्यापनकौशल्याचे आहे. प्राध्यापकाने आपल्याच विषयाचा एखादा घटक, आपल्याच टिपणांचा एक संच आणि आपणच काढलेली एक प्रश्नपत्रिका समोर ठेवावी, आणि वर्गातील कोणता विद्यार्थी यापैकी कोठे अडतो व ती अडचण विषयाच्या काठिण्यामुळे येते की आपण शिकवण्याच्या रीतीमुळे, हे तपासावे, असा त्याचा गाभा आहे. जात, लिंग, दिव्यांगत्व, भाषा, धर्म, आर्थिक स्थिती आणि गाव या साऱ्यांचा विचार त्यात येतो, पण तो वर्गातील प्रत्यक्ष व्यवहाराच्या अंगाने येतो.

मी सर्व विद्यार्थ्यांना सारखेच वागवतो. मग वेगळ्या प्रशिक्षणाची गरज काय?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला असतो. सारखी वागणूक ही किमान अट आहे आणि ती पाळली जात असेल तर उत्तमच. पण जे वेळापत्रक, जी भाषा आणि जी उदाहरणे सर्वांना सारखी लागू केली जातात, ती मुळात कोणाला सोयीची आहेत, हेही पाहावे लागते. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक महाविद्यालयांत पहिली तासिका साडेसातच्या आसपास सुरू होते. वाडीवस्तीवरून येणाऱ्या मुलीची पहिली एसटी आठनंतरच पोहोचत असेल, तर पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम सर्वांना सारखा लावूनही दंड मात्र तिलाच होतो. तिची पहिली तासिका कायम बुडते, त्या तासाला ठेवलेल्या विषयात ती मागे पडते आणि ‘अनियमित विद्यार्थी’ म्हणून तिची नोंद होते. येथे प्राध्यापकाचा हेतू वाईट नसतो. एसटीचे वेळापत्रक कोणी विचारलेलेच नसते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात ‘महाविद्यालयात कसे येता आणि किती वाजता पोहोचता’ एवढा एक प्रश्न कागदावर विचारला, तरी वेळापत्रक समितीला बरेच काही कळू शकते.

असे प्रशिक्षण कोठे मिळते आणि ते सीएएससाठी (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेसाठी) ग्राह्य धरले जाते का?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथील विद्यापीठांमध्ये या परंपरेतील केंद्रे चालत आली आहेत. मालवीय मिशनने ठरवलेल्या विषयांत विद्यार्थ्यांतील वैविध्य आणि समावेशक शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील चौदावे प्रकरण उच्च शिक्षणातील समता व समावेशनाला वाहिलेले आहे.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनश्रेणीच्या दहाव्या स्तरावरून अकराव्या स्तरावर जाण्यासाठी एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो, आणि पुढील टप्प्यांवरही उजळणी वर्ग किंवा तत्सम अभ्यासक्रम लागतात. समावेशनावरील एखादा अभ्यासक्रम या हिशेबात बसतो की नाही, हे त्याचा कालावधी आणि आयोजक संस्था यांवर ठरते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वीच माहितीपत्रक वाचून आपल्या विद्यापीठाच्या संबंधित कक्षाकडून खात्री करून घ्यावी. महाविद्यालयाने स्वतः घेतलेली एक-दोन दिवसांची कार्यशाळा पदोन्नतीसाठी सहसा उपयोगी पडत नाही. तरीही वर्गातील बदलाच्या दृष्टीने पाहिले, तर आपल्याच विभागात, आपल्याच विद्यार्थ्यांविषयी आणि सत्रभर थोडे-थोडे चालणारे काम ऑनलाइन घेतलेल्या मोठ्या वर्गापेक्षा अधिक फळ देते, असे माझे मत आहे. शेकडो जणांनी कॅमेरा बंद ठेवून ऐकलेल्या व्याख्यानाचे प्रमाणपत्र मिळते, पण त्यात आपली प्रश्नपत्रिका कोणी पाहिलेली नसते.

जातिभेद ही सामाजिक समस्या आहे. वर्गात प्राध्यापकाच्या हातात काय असते?

बरेच काही असते. शिष्यवृत्तीची सूचना कशी दिली जाते, हेच पाहा. तास चालू असताना शिपाई नोटीस घेऊन येतो, प्राध्यापक ती वाचून दाखवतात आणि ‘या वर्गातील बीसीचे विद्यार्थी कोण आहेत, हात वर करा’ असे म्हणतात. साठ-सत्तर जणांसमोर काही हात अर्धवट वर जातात, काही जातच नाहीत, आणि ज्यांचे हात वर गेलेले नसतात त्यांतल्या कोणाचा तरी महाडीबीटी या शासकीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज मुदतीत भरायचा राहून जातो. हीच सूचना सर्व विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर योजनांच्या नावांसह आणि मुदतीसह टाकली, आणि अर्जातील त्रुटी कार्यालयाने ज्याच्या त्याच्या मोबाइलवर कळवली, तर कोणालाही उभे राहण्याची वेळ येत नाही. व्हॅलिडिटीची (जात वैधतेची) कागदपत्रे सर्वांसमोर मागणे, आडनाव ऐकल्यावर ‘म्हणजे तुम्ही कोण?’ असे विचारणे, प्रवेशपरीक्षेतील गुण किंवा क्रमांक वर्गात विचारणे, या सवयीही याच प्रकारच्या आहेत. विचारणाऱ्याला त्या किरकोळ वाटतात, पण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी त्यांवरून या वर्गात आपले स्थान काय आहे ते ताडतो.

हा केवळ भावनेचा विषय नाही. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मधील आपल्या अहवालात वसतिगृहातील वेगळेपणाबरोबरच अध्यापक आणि परीक्षक यांच्या वागणुकीचीही नोंद घेतली होती. त्यानंतर २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेच्या प्रोत्साहनासाठी विनियम काढले आणि त्यांत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. ज्यांच्या आत्महत्यांनंतर उच्च शिक्षणातील जातिभेदाचा प्रश्न देशभर गाजला, त्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती या तरतुदींची खरीखुरी अंमलबजावणी व्हावी यासाठी. प्रशिक्षणात हा कायदेशीर भाग यायलाच हवा, मात्र तो अर्ध्या तासात आटोपता येतो. आपल्या महाविद्यालयात तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक प्राध्यापकाला नावानिशी सांगता आले की त्या भागाचे काम झाले. उरलेला वेळ वर सांगितलेल्या सवयींसाठी ठेवावा, कारण त्या बदलण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

यामुळे विषयाची पातळी खाली येणार नाही का?

पातळी म्हणजे विद्यार्थ्याला सत्राच्या शेवटी काय यावे, याची अपेक्षा. ती कमी करावी असे या प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. सांगत असेल तर ते प्रशिक्षण चुकीचे आहे. ‘या मुलांना एवढेच पुरे’ असे म्हणून निवडक प्रश्नांची तयार उत्तरे लिहून देणारा प्राध्यापक दयाळू वाटतो, पण विद्यार्थ्याला तो पुढच्या परीक्षेत, मुलाखतीत आणि नोकरीत उघड्यावर सोडतो. अपेक्षा तीच ठेवायची आणि तिथवर जाण्याच्या पायऱ्या उघड करायच्या, हे येथे अपेक्षित आहे. चांगले उत्तर कसे दिसते याचा नमुना दाखवणे, पहिल्या कच्च्या मसुद्यावर दोन ओळींचा अभिप्राय देणे, संदर्भ कसा द्यायचा हे गृहीत न धरता शिकवणे, या गोष्टी ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर झालेले नाही त्यांना सर्वाधिक उपयोगी पडतात आणि इतरांचे त्यांत काहीच नुकसान होत नाही.

भाषेच्या प्रश्नावर प्रशिक्षणात काय करता येते?

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा प्रश्न बहुधा सर्वांत मोठा आहे आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. कागदोपत्री माध्यम इंग्रजी, व्याख्यान मराठी-इंग्रजी मिसळून, पुस्तक इंग्रजी, विद्यार्थ्याची बारावी मराठीतून आणि घरची भाषा त्याहून निराळी, अशी स्थिती असंख्य वर्गांत असते. नंदुरबारच्या वर्गात भिली किंवा पावरी बोलणारे, मेळघाटातून आलेल्यांत कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारे विद्यार्थी असतात. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते आणि इंग्रजी तिच्याही पलीकडची. खानदेशातील अहिराणी, विदर्भातील वऱ्हाडी आणि झाडीबोली, किनाऱ्यावरील मालवणी आणि आगरी यांचीही हीच गत आहे, फक्त अंतर कमी-जास्त.

प्रशिक्षणात पहिली गोष्ट करायची ती उपहासाबद्दल. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य मध्येच थांबवून उच्चार दुरुस्त केला, वर्ग हसला, आणि तो विद्यार्थी उरलेले वर्षभर काही बोलला नाही, असे प्रसंग बहुतेक प्राध्यापकांनी पाहिलेले असतात. विद्यार्थी अर्थशास्त्रातील मागणीविषयी बोलत असताना त्याच्या ‘न’ आणि ‘ण’ला त्या क्षणी महत्त्व नसते. लेखनात प्रमाणभाषा कधी लागते आणि का लागते, हे जरूर शिकवावे. पण मुद्दा मांडताना तो बोलीत मांडता येतो, हे विद्यार्थ्याला आधी कळू द्यावे.

दुसरी गोष्ट परिभाषेची. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला पंधरा-वीस संज्ञांची द्विभाषिक यादी द्यावी आणि प्रत्येकीपुढे एका ओळीत साधा अर्थ लिहावा. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार केलेले आहेत. त्यांतील काही पर्याय बोजड आहेत हे खरे, परंतु कामाला आरंभ करायला ते पुरतात, आणि जेथे इंग्रजी संज्ञाच रुळलेली आहे तेथे ती देवनागरीत लिहून मराठीत समजावणे अधिक शहाणपणाचे. तिसरी गोष्ट परीक्षेची. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवले. आपल्या विद्यापीठाने त्याबाबत काय निर्णय घेतला आहे, हे प्राध्यापकाने स्वतः माहीत करून घ्यावे आणि विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभीच सांगावे, कारण ही माहिती परीक्षा अर्ज भरून झाल्यावर मिळाली तर तिचा उपयोग नाही.

वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी नेमके काय बदलावे?

प्रथम टिपणे पाहावीत. आपल्या महाविद्यालयांत अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली टिपणे वर्षानुवर्षे फिरत असतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्हच असते. त्यामुळे एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ते टिपण वाचू लागला की विद्यार्थ्याच्या कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग येते. पुस्तकाची पाने मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवली, तर त्याला काहीच ऐकू येत नाही, कारण ते केवळ चित्र असते. यावरचा उपाय एवढाच की टिपणे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखता येईल अशा पद्धतीत, टाइप करावीत. शीर्षकांना वर्डमधील शीर्षकाची शैली लावावी, आणि आकृती असेल तेथे ती काय दाखवते हे दोन वाक्यांत लिहावे. प्रशिक्षणात प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःचे एक टिपण एनव्हीडीएवर, डोळे मिटून, पाच मिनिटे ऐकावे. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि त्या पाच मिनिटांत जे कळते ते दोन तासांच्या भाषणातून कळत नाही.

दुसरा बदल बोलण्यात आहे. गणिताचे प्राध्यापक फळ्याकडे हात करून ‘हे इकडे नेले, याने भागले, की हे आले’ असे म्हणतात. ‘डाव्या बाजूचा क्ष उजवीकडे नेला, त्याचे चिन्ह बदलले, दोन्ही बाजूंना तीनने भागले’ असे म्हटले, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला गणित कळते आणि शेवटच्या बाकावर बसून फळा नीट न दिसणाऱ्या चार जणांनाही. कर्णबधिर विद्यार्थी वर्गात असेल तर बरोबर उलटी काळजी घ्यावी लागते: फळ्याकडे तोंड करून बोलू नये, चित्रफितीला मथळे असावेत आणि महत्त्वाची सूचना केवळ तोंडी देऊ नये.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार दिले आहेत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ याविषयी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला चौथा तास मिळायला हवा. प्रत्यक्षात तो चौथा तास सुरू झाला की पर्यवेक्षकाला बदली मिळत नाही, दिवे बंद होऊ लागतात आणि विद्यार्थ्यालाच संकोच वाटतो. म्हणून परीक्षा विभागातील कर्मचारी आणि पर्यवेक्षक यांना या प्रशिक्षणातून वगळू नये. वाचनसाहित्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय उपयोगी आहे, आणि पुस्तक सुगम्य स्वरूपात आणून देण्याला स्वामित्व हक्क कायद्याची आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तशी मुभा दिलेली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून या क्षेत्रात काम करत आहे. एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतले तर काय उभे राहते, हे पाहायचे असल्यास तेथे जाऊन यावे.

दिव्यांगत्व दिसत नसेल किंवा प्रमाणपत्र नसेल तर?

अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, सतत त्रास देणारे दुखणे यांचे प्रमाणपत्र अनेकांकडे नसते, आणि ते मिळवण्यासाठी जिल्हा रुग्णालयात घालावे लागणारे हेलपाटे सर्वांना परवडत नाहीत. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या निकषापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. विद्यापीठ परीक्षेत प्राध्यापकाचे हात नियमांनी बांधलेले असतात. अंतर्गत चाचणीत मात्र पंधरा मिनिटे जास्त देणे, किंवा लेखीऐवजी तोंडी मांडणी चालवून घेणे, हे पुष्कळदा त्याच्याच अखत्यारीत असते.

लिंगभावाचा भाग कितपत घ्यावा? अंतर्गत तक्रार समिती तर आधीच आहे.

अंतर्गत तक्रार समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे आणि आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी ती बंधनकारक केली आहे. वर्गातील असमतोलाकडे पाहणे हे तिचे काम नव्हे. प्रयोगशाळेत गटाने काम करताना उपकरण कोण हाताळतो आणि निरीक्षणे सुवाच्य अक्षरात कोण लिहितो, हे दोन आठवडे नुसते टिपून ठेवावे. बहुतेक ठिकाणी जर्नल मुलींचे आणि यंत्र मुलांचे, अशी विभागणी आढळते. गटातील कामे दर आठवड्याला आळीपाळीने बदलण्याचा नियम केला की त्यावर फारशी चर्चाही करावी लागत नाही. क्षेत्रभेटीची परतण्याची वेळ, स्वच्छतागृहाची सोय आणि पालकांना दिले जाणारे पत्र आधी ठरवले नाही, तर त्या भेटीतून मुली आपोआप गळतात आणि अंतर्गत गुणही गमावतात. तृतीयपंथी विद्यार्थ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा त्यांच्या ओळखीला मान्यता देणारा २०१४ चा नालसा निकाल आणि त्यांच्या हक्कांविषयीचा २०१९ चा अधिनियम यांची माहिती द्यावी, आणि हजेरीला विद्यार्थी सांगेल ते नाव घ्यावे. त्याने कार्यालयीन नोंदीला बाधा येत नाही.

मूल्यमापनात पक्षपात होतो असे आपण कसे म्हणू शकतो? उत्तरपत्रिकेवर तर बारकोड असतो.

विद्यापीठाच्या परीक्षेत नाव झाकलेले असते, हे बरोबर आहे. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा आणि प्रकल्प यांत मात्र विद्यार्थी नाव, आडनाव, कपडे आणि उच्चारासह समोर उभा असतो, आणि नव्या अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाचे वजन वाढत चालले आहे. म्हणून कोणत्या गोष्टीला किती गुण, हे निकष चाचणीपूर्वी लिहून विद्यार्थ्यांना द्यावेत. लेखी चाचण्या केवळ आसन क्रमांकावर तपासाव्यात, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एकाच काठिण्याचे तीन-चार प्रश्न आधीच ठरवून विचारावेत. ‘आत्मविश्वास’ या नावाखाली गुण देण्याची पद्धत बंद केलेली बरी. त्या रकान्यात बहुधा इंग्रजी बोलण्याची सफाईच मोजली जाते. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे सारे जमत नाही असे प्राध्यापक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून निदान तोंडी परीक्षेपासून सुरुवात करावी.

प्रशिक्षण कोणी द्यावे, आणि किती दिवसांचे असावे?

बाहेरील तज्ज्ञ एकदा यावेत, पण काम आतल्या माणसांनी चालवावे. सत्राच्या आरंभी एक पूर्ण दिवस, त्यानंतर महिन्यातून एकदा दीड तासाची विभागीय बैठक, आणि मध्ये एकमेकांच्या एका तासिकेला बसणे, एवढी रचना बहुतेक महाविद्यालयांना झेपते. तासिकेला बसणाऱ्याने विषयज्ञानाची परीक्षा घेऊ नये. प्रश्न कोणाला विचारले गेले, उत्तरासाठी किती वेळ दिला गेला आणि कोणत्या बाकांकडे प्राध्यापक एकदाही वळले नाहीत, एवढेच कागदावर टिपावे आणि तो कागद त्याच प्राध्यापकाला द्यावा. त्याची प्रत प्राचार्यांकडे गेली की पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

दिव्यांग किंवा वंचित समाजातून आलेल्या सहकाऱ्यालाच प्रत्येक वेळी ‘तुम्हीच बोला’ म्हणून पुढे करणे हा आपल्याकडचा नेहमीचा दोष आहे. त्यांना बोलायचे असेल तर अवश्य बोलावे, परंतु इतरांना शिकवण्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नये. शिक्षकांच्या तयारीचा आणि सामाजिक समतेचा संबंध आपल्याकडे नवा नाही, हेही येथे नोंदवावेसे वाटते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित आणि शेतकरी वर्गात मिसळणारे शिक्षक हवेत, अशी मागणी केली होती.

काही ज्येष्ठ सहकारी उघड विरोध करतात. त्यांचे काय करावे?

विरोधाचे प्रकार वेगळे असतात. ‘आणखी एक काम’ म्हणून वैतागलेल्या माणसाला एखादे जुने काम कमी करून दिले की तो बहुधा राजी होतो. आरक्षणाविषयीची आपली मते मांडण्यासाठीच जो उभा राहतो, त्याच्याशी कार्यशाळेत वाद घालत बसू नये. आरक्षण असावे की नसावे हा त्या दिवसाचा विषय नसतो, आणि वर्गात आलेला प्रत्येक विद्यार्थी आपला विद्यार्थी आहे एवढे गृहीत धरून पुढील कामाकडे वळावे. तिसरा प्रकार गप्प बसणाऱ्यांचा, आणि त्यांत पुष्कळदा चांगले शिक्षक असतात. ते वर्षानुवर्षे जे न बोलता करत आले आहेत, ते त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

नॅकसाठी (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी) कोणता पुरावा ठेवावा?

उपस्थितिपत्रक, छायाचित्रे आणि अहवाल तर सर्वच ठेवतात. त्याऐवजी बदललेल्या टिपणाची आधीची आणि नंतरची प्रत, मूल्यमापनाचे लेखी निकष आणि सत्राच्या मध्यावर घेतलेला निनावी अभिप्राय जपून ठेवावा. ‘स्लो लर्नर’ हा शब्द नॅकच्या नियमावलीतून आपल्या फायलींत आणि तेथून वर्गातील बोलण्यात उतरला आहे. फायलीत तो लिहावा लागला तरी विद्यार्थ्यांच्या याद्यांवर तो छापून सूचना फलकावर लावू नये.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना यात कसे घ्यावे?

अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकच घेतात, म्हणजे ज्या टप्प्यावर विद्यार्थी सर्वाधिक गळतात, तेथे तेच उभे असतात. त्यांना कर्तव्य रजा नाही, सीएएस नाही, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी तासिका झाली नाही तर त्या दिवसाचे मानधनही नाही. अशा स्थितीत ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ अशी नोटीस लावणे हे समतेच्या कार्यशाळेला शोभत नाही. महाविद्यालय विकास समितीपुढे ठराव मांडून प्रशिक्षणाचे तास मानधनासाठी धरावेत, किंवा निदान दीड तासाच्या बैठका त्यांच्या तासिकांना जोडून ठेवाव्यात. हे करता येत नसेल, तर कायम प्राध्यापकांनी तयार केलेली सुगम्य टिपणे, परिभाषेच्या याद्या आणि निकष त्यांना जून महिन्यातच देऊन टाकावेत, म्हणजे हे सारे त्यांना विनामोबदला पुन्हा तयार करावे लागणार नाही.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे?

प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतलेला ‘कार्यशाळा कशी वाटली’ हा अर्ज काहीच सांगत नाही. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या एका विषयात करावयाचा एक बदल लिहून द्यावा आणि सत्राच्या शेवटी तो झाला की नाही, हे विभागाने पाहावे. याशिवाय पहिल्या अंतर्गत चाचणीनंतर वर्गात येणे कोणी थांबवले, प्रकल्प कोणी सादर केला नाही, उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणात मराठी आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्यांत, वसतिगृहात राहणाऱ्यांत आणि रोज ये-जा करणाऱ्यांत, मुलांत आणि मुलींत किती अंतर आहे, ही माहिती कार्यालयात असतेच. ती विषयवार मांडून दोन-तीन वर्षे तुलना करावी. एका वर्षाच्या आकड्यावरून कोणत्याही प्राध्यापकाविषयी निष्कर्ष काढू नये, कारण बॅच बदलते आणि प्रश्नपत्रिकाही बदलते. हे आकडे विभागाबाहेर देताना ज्या गटात पाच-सहाच विद्यार्थी आहेत त्याचा आकडा स्वतंत्रपणे देऊ नये, कारण लहान वर्गात त्यावरून विद्यार्थी कोण हे लगेच ओळखू येते.